उरलेल्या लोकरीचा भाव

शहाद्यात थंडी फार दिवस मुक्कामाला राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यावरून उतरणारं वारं रात्री झोंबतं, ऊसतोडीच्या फडाशेजारी शेकोट्या पेटतात, आणि होळी जवळ आली की स्वेटरं पुन्हा पेटीत जातात. तरीही गावात विणणाऱ्या बायका भरपूर. घरात बाळ आलं की टोपडं-मोजे विणायला घ्यायचे, सासऱ्यांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर, शाळेत जाणाऱ्या नातवासाठी कानटोपी. काम पुरं होतं आणि लोकर थोडी उरते. ती टाकवत नाही. पाव गुंडा, अर्धा गुंडा असं करत कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पिशवी फुगत जाते. हल्ली या पिशव्या पुन्हा उघडू लागल्या आहेत, कारण कॉलेजातल्या पोरींना क्रोशाचे केसांचे रबर, हेअरबँड, फुलांच्या क्लिपा हव्या आहेत.

या लेखातल्या मावशी-भाची कुणा एका घरातल्या नाहीत. या कामाबद्दल बायका जे दोन तऱ्हेनं बोलतात, ते मी दोघींच्या तोंडी घातलं आहे. मावशी निवृत्त शिक्षिका. कार्यानुभवाच्या तासाला तिनं पोरापोरींना विणकाम शिकवलं. भाची बचत गटाचे हिशेब लिहिते. मला जे वाटतं ते मी मध्ये बोलणार आहे.

भाची : मावशी, गटात ठरलंय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत टेबल लावायचं. क्रोशाचे रबर, क्लिपा, हेअरबँड. तुझी ती लोकरीची पिशवी मला हवी.

मावशी : ने की. पण नग किती करणार?

भाची : दोनशे तरी.

मावशी : मग ही पिशवी काय कामाची? हे बघ, ही पिवळी बारीक लोकर बाळाच्या स्वेटरची. हा राखाडी जाड गुंडा तुझ्या काकांच्या स्वेटरचा. हा सुती दोरा टेबलक्लॉथचा. जाडी वेगळी, जात वेगळी, रंग तर विचारूच नको. उरलेल्या लोकरीत एका जातीचे चार नग निघतात, फार तर पाच. दोनशे करायचे म्हणजे नवीन गुंडे आणावे लागणार.

भाची : सगळे सारखेच कशाला हवेत? प्रत्येक रबर वेगळा, हेच तर पोरींना आवडतं.

मावशी : वेगळा रंग चालेल, वेगळं माप चालत नाही. एक रबर सैल, दुसरा घट्ट, असं झालं तर घेणारीची फसवणूक होते. मी काय करते सांगू? आधी प्रत्येक गुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते. मध्यम जाडीच्या लोकरीत एका रबराला दहा ते पंधरा ग्रॅम लागतात. तेवढं नसेल तर त्याची फुलं करायची, पाकळ्या एका रंगाच्या, मधला गोल दुसऱ्या. बारीक लोकर असेल तर दोन पदर एकत्र धरायचे, म्हणजे जाडीला जाडी मिळते. आणि सुती दोरा नि लोकर एकाच रबरात घालायची नाही. सूत पहिल्या धुण्यात आटतं, ही लोकर आटत नाही. रबर वाकडा होतो.

भाची : आणि ज्या लोकरीचे दोन-दोन हातांचेच तुकडे उरलेत?

मावशी : ते जोडत बसू नकोस. प्रत्येक जोडाला दोन टोकं येतात, ती सुईनं आत ओवून लपवावी लागतात. विणण्यापेक्षा टोकं लपवण्यात जास्त वेळ जातो. असले तुकडे एकत्र बांधून गोंडा करायचा. पिनेला लावायचा.

मावशी हे सगळं बोलताना हात चालूच ठेवते, म्हणून तिची पद्धत मी इथेच सांगून टाकते. काळ्या जाड रबराचं कडं घ्यायचं, धातूचा जोड नसलेलं, कारण त्या जोडात केस अडकून तुटतात. कड्याभोवती मुके खांब भरत जायचं, रबर दिसेनासा होईपर्यंत. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-तीन खांब घातले की घेर कड्यापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि चुण्या आपोआप पडतात. मध्येच कडं ताणून पाहायचं. पहिली फेरी आवळून विणली असेल तर रबर ताणला जात नाही आणि सगळं उसवावं लागतं. दोन सुयांवर करायचं असेल तर हेअरबँड सोपा. चार बोटं रुंदीची पट्टी, नुसते सुलट टाके, डोक्याच्या मापापेक्षा थोडी आखूड, कारण विणलेली पट्टी ताणली जाते. घरं बंद करून दोन्ही टोकं शिवायची. हिवाळ्यात पहाटे शेतावर किंवा शिकवणीला निघणाऱ्या मुलीचे कान त्यात झाकतात.

एक गोष्ट मावशी प्रत्येकीला बजावते. तान्ह्या बाळाच्या डोक्याला फोटोपुरती फुलाची पट्टी बांधली तर लगेच काढायची, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर कधीच ठेवायची नाही. पट्टी नाकातोंडावर सरकू शकते. मणी, बटणं तर बाळाच्या वस्तूवर लावायचीच नाहीत. हे ती इतक्या ठामपणे सांगते की समोरची ते विसरत नाही. विकणारीनंही हे दरवेळी सांगायला हवं, असं मला वाटतं.

भाची : तुमच्या वेळी हे असलं काही नव्हतं ना?

मावशी : नव्हतं कसं? अंबाड्याची जाळी क्रोशाचीच. काळा किंवा तपकिरी दोरा, बारीक सुई, मधून गोल सुरू करायची आणि वाढवत न्यायची, शेवटच्या फेरीत नाडी. वेणीच्या टोकाला लोकरीचे गोंडे असायचे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना गोंडे, यात्रेत घोड्याच्या गळ्यात गोंडे, आणि आमच्या वेणीतही. सारंगखेड्याला घोडे बघायला गेलीस की त्यांच्या साजाकडे नीट बघ, रंग कसे जुळवलेत ते. शिकण्यासारखं आहे.

भाची : पण स्क्रंची नव्हती.

मावशी : ती नव्हती.

स्क्रंचीचा जन्म न्यूयॉर्कमधला. रॉमी रेव्हसन या गायिकेचे केस रंग-रसायनांनी नाजूक झाले होते आणि साध्या रबरांनी तुटत होते. तिनं रबराला कापडाचं चुणीदार आवरण चढवलं, 1987मध्ये त्याचं पेटंट मिळवलं आणि आपल्या पूडल जातीच्या कुत्रीच्या नावावरून त्या वस्तूला नाव दिलं. तिची अडचण खरी होती आणि उपायही. क्रोशाच्या रबराचं काम तेच आहे: नागड्या रबराचा केसांशी संबंध येऊ द्यायचा नाही. म्हणून गाठ किंवा खरखरीत टोक आतल्या बाजूला आलं तर वस्तू दिसायला कितीही सुंदर असो, ती फसली. घेताना वरच्या चुण्या बघाव्यात तसं आत बोट घालूनही बघावं.

भाची : आणि टाकाऊतून टिकाऊ हेही आहेच. पाटीवर तेच लिहिणार आहे, पर्यावरणपूरक म्हणून.

मावशी : ते लिहू नकोस.

भाची : का?

मावशी : ही लोकर मेंढीची आहे असं वाटतं का तुला? लेबल वाच. शंभर टक्के अॅक्रिलिक. लुधियानाहून येते. आपण सगळ्या तिला लोकर म्हणतो, पण ती प्लास्टिकच्या नात्यातली. गरम इस्त्री लागली तर लगदा होतो. जमिनीत पुरली तर कुजत नाही.

भाची : मग वापरली तर चांगलंच की, गोमाई नदीत तरी जाणार नाही.

मावशी : उरलेली वापरलीस तर चांगलं. दोनशे रबरांसाठी नवे गुंडे आणलेस तर तेच प्लास्टिक तू नव्यानं विकत घेतलंस. मग पाटीवर पर्यावरण कशाला?

इथे मी मावशीच्या बाजूची आहे. अॅक्रिलिक धागा पेट्रोलियमपासून होतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं तो 1941मध्ये शोधला आणि 1950च्या सुमारास ‘ऑर्लॉन’ नावानं बाजारात आणला. स्वस्त, रंग पक्के, कसर लागत नाही, म्हणून घराघरात पोहोचला, आणि गरिबाच्या लेकराला ऊब मिळाली हेही खरं. पण इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016मध्ये मोजलं, तेव्हा सहा किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात असं दिसलं. केसांचा रबर स्वेटरइतका धुतला जात नाही, म्हणून त्याचं पाप लहान. तरी घरात पडून असलेला गुंडा वापरणं आणि त्याच्या नावावर नवा माल खपवणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि पाटी लिहिणारीला तो माहीत असायला हवा.

शिवाय शहाद्याची हवा. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा डोक्यावर अॅक्रिलिकचा पट्टा कोण ठेवेल? घाम शोषत नाही, तेल लावलेल्या केसांत चिकटतो. सुती दोऱ्याचा रबर केसांना मऊ लागतो, साबणानं स्वच्छ निघतो, फक्त वाळायला वेळ घेतो. ज्या तालुक्यात कापूस पिकतो आणि शेतकऱ्यांनी सहकारातून सूतगिरणी उभी केली, तिथल्या बायका विणतात मात्र लुधियानाची अॅक्रिलिक लोकर. याचं कारण आहे. गिरणीचं सूत मागासाठी असतं, बारीक, एकपदरी. क्रोशाच्या सुईला ते तसंच्या तसं चालत नाही. पण आठ-दहा पदर एकत्र गुंडाळले तर चालतं, आणि गटानं मिळून गुंडाळायचा घरगुती फिरका वापरला तर ते अवघडही नाही. हे कुणीतरी करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता पैशांकडे येते, कारण खरं भांडण तिथेच आहे.

भाची : ठीक, पाटीवर लिहिणार नाही. भाव सांग.

मावशी : वीस रुपये.

भाची : वीस? एका रबराला किती वेळ लागतो तुला?

मावशी : चाळीस मिनिटं. टोकं लपवण्यासकट.

भाची : रोजगार हमीचा दर 2025-26 साठी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये ठरला. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. चाळीस मिनिटांचे 26 रुपये झाले, नुसते हाताचे. रबराचं कडं, दोरा, पिन, पिशवी धरून सात-आठ रुपये वेगळे. म्हणजे 34 रुपयांना रबर विकला तर आपण खड्डा खणणाऱ्या मजुराच्या बरोबरीला येतो. यात्रेतल्या जागेचं भाडं, गाडीभाडं अजून धरलंच नाही. आणि तू वीस म्हणतेस!

मावशी : अगं, शेजारच्या टेबलावर साटीनचे रबर दहा रुपयांना मिळतात. घेणारी उभ्या-उभ्या म्हणेल, ‘इतलं महाग कसाले?’ आणि पुढे जाईल.

भाची : साटीनचा रबर शिलाई मशीनवर दोन मिनिटांत होतो. क्रोशाचं मशीन दाखव मला.

भाचीचं हे म्हणणं वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन सुयांवरचं विणकाम यंत्र कधीपासून करतं. आपल्या अंगातले बनियन, मोजे त्याचेच. क्रोशाचं तसं नाही. त्यात एकेक टाका पुरा करून मग पुढचा घेतला जातो, सुई कुठेही खुपसता येते, दिशा कधीही बदलते. बाजारातलं यंत्राचं ‘क्रोशा’ कापड हे क्रोशासारखं दिसणारं वेगळं विणकाम असतं. म्हणून खऱ्या क्रोशाची क्लिप दहा-पंधरा रुपयांत दिसली तर ती कुणाच्या तरी हातानंच झालेली आहे, आणि त्या हाताला किती मिळालं याचा अंदाज बांधायला फार गणित लागत नाही.

मावशी : तू तास मोजतेस, पण बाई आठ तास खुर्चीवर बसून विणते का? डाळ शिजतेय तोवर चार फेऱ्या. टीव्हीवर मालिका चालू आहे तोवर दोन रबर. तो वेळ एरवीही गेलाच असता. त्यातून तिच्या हातात स्वतःचे हजार-दोन हजार आले तर वाईट काय? घरात कुणाला विचारावं लागत नाही, असे ते पैसे असतात. त्यांची किंमत तुला कळायची नाही.

भाची : कळते. पण हेच कुणी आधी म्हटलंय माहीत आहे?

भाचीला जे सांगायचं आहे ते मीच जरा सविस्तर सांगते, कारण त्याचा शहाद्याशी फार जवळचा संबंध आहे आणि शहाद्यातच तो फारसा कुणी सांगत नाही.

1972 हे दुष्काळाचं वर्ष. त्याच काळात शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात भिल्ल शेतमजूर आपल्या गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. अंबरसिंग महाराज या भिल्ल पुढाऱ्यानं लोकांना आधीच जागं केलं होतं. 1972मध्ये श्रमिक संघटना झाली. त्या लढ्यात बायका पुढे होत्या. दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या, मजुरीच्या वाटाघाटींत बोलल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या चळवळीचा अभ्यास केला आणि 1976मध्ये एका इंग्रजी संशोधनपत्रिकेत शहाद्याच्या चळवळीवर दीर्घ लेख लिहिला. 1960च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत असल्यापासून त्यांना हा देश ठाऊक होता.

याच मारिया मीस नंतर आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरला गेल्या. तिथे हजारो बायका घरी बसून क्रोशाची लेस विणत होत्या. हे काम एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे शिकवलं. लेस परदेशात जात होती, निर्यातदार श्रीमंत होत होते, आणि विणणारी बाई घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवूनही मजुरीच्या किमान दरापेक्षा कितीतरी कमी मिळवत होती. असं का होऊ शकलं, याचं मीस यांनी 1982च्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकात दिलेलं उत्तर साधं आहे. या बायकांना सगळे गृहिणी मानत होते, आणि त्या विणतात तो त्यांचा रिकामा वेळ असं धरून चालत होते. खुद्द बायकाही तसंच मानत होत्या. म्हणून त्यांच्या तासांचा हिशेब कुणी मागितला नाही. नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विणणारीच्या तासाचा प्रश्न मात्र त्या शिक्क्यानं आपोआप सुटत नाही.

शहाद्याच्या शेतात राबणाऱ्या बाईचं काम सगळ्यांना दिसत होतं. बांधावर उभं राहून मजुरी मागता येत होती. ओट्यावर, डाळ शिजताना केलेलं काम दिसत नाही, म्हणून ते मागताच येत नाही.

मावशी : पण नरसापुरात मध्ये व्यापारी होता. इथे कोण आहे? गटच विकणार, पैसे गटालाच. कोण कुणाला लुबाडतंय?

मावशीचा हा प्रश्न खरा आहे आणि भाची थोडा वेळ गप्प झाली तर त्यात नवल नाही. दलाल नसेल तर कमी भावानं विकून बाई फक्त स्वतःचं नुकसान करते, आणि ते तिनं राजीखुशीनं केलं, असं म्हणता येईल.

भाची : तू वीस रुपयाला विकलंस तर तुझं काही बिघडत नाही, तुला पेन्शन आहे. पण आमच्या गटात दोघी-तिघी अशा आहेत की घर त्यांच्यावरच चालतं. नवरा वारलेला, किंवा सोडून गेलेला. कापूस वेचणीचा हंगाम सरला की हाताला काम नाही. तिला रबर 35-40ला विकला तरच परवडतं. तिच्या शेजारी तू वीसचा रबर मांडलास की संपलं. तिनं काय करायचं?

मावशी : म्हणजे मी तिच्या पोटावर पाय देते?

भाची : तसं नाही म्हणत गं. पण ज्या बाईला पैशांची गरज नाही ती भाव ठरवते, आणि जिला गरज आहे तिला तो भाव घ्यावा लागतो. दोनशे रबरांचा हिशेब मी वहीत मांडला. चाळीस मिनिटांप्रमाणे 133 तास, म्हणजे सोळा-सतरा दिवसांची रोजंदारी. दर धरला तर 5200 रुपये व्हायला हवेत. वीसनं विकले तर 4000 येतात, त्यातून सामानाचे 1500 गेले, उरले अडीच हजार. अर्धीही मजुरी नाही. गटाच्या नफ्याच्या रकान्यात मी हे अडीच हजार लिहायचे का?

मला या सगळ्या बोलण्यातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. घरी विणणाऱ्या आपल्यासारख्या अनेकींना पैशांची निकड नसते. आपण हौसेनं विणतो, कौतुक झालं की भरून पावतो, आणि कुणी विकत मागितलं तर संकोचानं अर्धा भाव सांगतो. ‘सामानाचे तेवढे द्या’ म्हणतो. त्यात आपल्याला मोठेपणा वाटतो. पण आपल्या त्या संकोचाची किंमत दुसरी कुणीतरी मोजते. तीही विणते, तिच्याही सुईला तेवढाच वेळ लागतो, आणि तिला ‘त्या बाई तर पंधराला देतात’ असं ऐकावं लागतं.

मावशी : मग मी काय, विणणंच सोडू?

भाची : कशाला? दे ना. भाच्यांना दे, नातीच्या मैत्रिणींना दे. फुकट दे. तुझ्या देण्यानं कुणाचा भाव पडत नाही. फक्त विकायचं झालं तर पुऱ्या भावात विक.

मावशी : आणि ती चाळीस रुपये नसलेली पोर? आश्रमशाळेतली? तिला नको का फुलाची क्लिप?

भाची : तिला तू दे म्हणते ना.

मावशी : देईन. पण दिलेली वस्तू एकच होते आणि हरवते. मी शाळेत असताना पोरींना वस्तू दिली नाही कधी, सुई दिली. पहिल्या दिवशी नुसती साखळी. हातभर साखळी झाली की तीच मनगटाला गुंडाळायच्या, वेणीत गुंफायच्या. पोरंही शिकली, आणि पोरांचे टाके जास्त नीट यायचे, कारण पोरी घट्ट आवळायच्या. उरलेल्या लोकरीचा खरा उपयोग तोच. शिकताना उसवलं, फसलं, तुटलं तरी वाईट वाटत नाही. नवा गुंडा हातात दिला की पोर घाबरते.

भाची : म्हणजे पिशवी मला देत नाहीस.

मावशी : नाही देत. तुमच्या टेबलासाठी सुती दोरा विकत आणा, सगळा एका जाडीचा. माप मी ठरवून देते, एक नमुना करून देते. टाके सैल पडतायत का, टोकं नीट लपवलीत का, ते मी तपासेन. भाव तू ठरव.

भाची : आणि कुणी ‘कसाले इतलं’ म्हटलं तर?

मावशी : तिला खुर्ची दे, सुई दे, आणि एक फेरी घालायला सांग.

दोघींचं पुरतं जुळलेलं नाही. चाळीस रुपयांना सारंगखेड्यात रबर खपतील याची मावशीला खात्री नाही. भाचीला वाटतं की दोनशेऐवजी शंभरच करावेत, पण भाव सोडू नये. उरले तर लग्नसराईत जातील. मला भाचीचा हिशेब पटतो आणि पिशवीबद्दल मावशीचा निर्णय पटतो. विकायच्या मालाला उरलेली लोकर हा पाया होऊ शकत नाही. ती पुरत नाही, जुळत नाही, आणि ‘लोकर तर फुकटचीच होती’ असं म्हणत आपण हाताचे पैसेही सोडून देतो. फुकट आलेला दोरा भाव कमी करण्याचं कारण होऊ नये. लोकर उरली होती. चाळीस मिनिटं कुणाकडेच उरलेली नव्हती.

विणणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच की घड्याळ लावून एक नग करा आणि तो वेळ वहीत लिहा. द्यायचं असेल तर हात आखडू नका, पण विकताना त्या वहीत बघून भाव सांगा. यात्रेत, प्रदर्शनात अशा टेबलापुढे उभ्या राहणाऱ्या वाचकांनी घासाघीस करू नये. परवडत नसेल तर वस्तू खाली ठेवावी, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या कपाटात लोकरीची पिशवी वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांनी ती जवळच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या बाईंना नेऊन द्यावी. सोबत क्रोशाच्या दोन-चार सुया द्याव्यात, चार मिलिमीटरच्या. मध्यम जाडीच्या लोकरीला आणि शिकणाऱ्या हाताला त्या सोयीच्या पडतात.